यूनी-टी यूटी२१०ई डीसी क्लॅम्प मीटर: जुन्या मोटरहोमच्या वायरिंगसाठी घेतला, भरपूर वापरून मग लिहितेय

क्लॅम्प मीटर म्हणजे वायर न सोडता, तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर. आधीच सांगते, ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षं जुनी मोटरहोम आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरातले सेल आणि एखादा प्लग चेक करायला मीटर हवा असेल तर साधा मल्टिमीटर पुरतो, हा घ्यायची काही गरज नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, गाडी २००३ ची, फियाट ड्युकाटो व्हॅनच्या चासीवर बांधलेली. हिवाळाभर ती गावाबाहेरच्या यार्डात उभी असते, तिथे लाइटचं कनेक्शन नाही आणि डिसेंबर-जानेवारीत इथलं ऊन एवढं कमी की छतावरचं सोलर पॅनल नावालाच. अशा गाडीत दोन वेगळे संसार असतात, पुढे इंजिनाची बॅटरी आणि तिची वायरिंग, मागे राहायच्या भागाची वेगळी बॅटरी, तिच्यावर लाइट, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, कंट्रोल पॅनल वगैरे, आणि घरात मिळते तशी २३० व्होल्टची तिसरी लाइन साइटवर, म्हणजे कॅम्पिंगच्या जागेवर, निळा प्लग लावला की चालू होते. त्यात आधीच्या मालकांनी आपापल्या परीने भर घातलेली असते, कुणी टीव्ही बसवला, कुणी रिव्हर्स कॅमेरा, कुणी यूएसबी सॉकेट, आणि बहुतेक जोड त्या निळ्या दाबायच्या क्लिपांनी मारलेले, ज्यात वायरचे अर्धे धागे तुटतात आणि ओल शिरली की उरलेले हिरवे पडतात. कंपनीचा वायरिंग डायग्राम जरी मिळाला तरी आत जे आहे ते त्यात नसतं, म्हणून मोजल्याशिवाय काही कळत नाही हेच खरं.

आणि हे मोजणंच होत नाही. आमची मागची बॅटरी यार्डात आठवड्याभरात उतरायची. एका गॅरेजवाल्याने बॅटरी बदलून दिली, नवीन पण तशीच उतरली, मग दुसऱ्याने अल्टरनेटरकडे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) बोट दाखवलं, बिल वेगळंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोघांपैकी एकानेही गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातोय हे मोजलं नव्हतं, आणि ते मोजायला पाच मिनिटं लागतात, म्हणून हा मीटर मागवला. चाळीस पौंडांच्या आतबाहेर पडला, भारतातही ऑनलाइन मिळतो.

आता हाच का, तर घेताना बघायची एकच गोष्ट मुख्य आहे. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, म्हणजे घरातल्या लाइटचा. मोटरहोमचा ९० टक्के त्रास १२ व्होल्ट डीसीचा असतो आणि तिथे तो क्लॅम्प शून्यच दाखवणार. याच मालिकेतले काही मॉडेल दिसायला अगदी सेम आहेत पण ते एसीवालेच, त्यामुळे नंबरच्या शेवटचं अक्षर नीट वाचा, ई हवं. ई मध्ये डीसी करंटच्या २, २० आणि १०० अँपिअर अशा रेंज आहेत आणि २ अँपिअरच्या रेंजवर तो एक-एक मिलिअँपिअर दाखवतो, हे या किमतीत फार मोठं आहे, कारण गाडी बंद असताना होणारी गळती असतेच मुळी मिलिअँपिअरमध्ये.

साध्या मल्टिमीटरनेही गळती मोजता येते, पण त्यासाठी बॅटरीची वायर सोडून मीटर मधे घालावा लागतो, आणि वायर सोडली की सगळं रिसेट, रेडिओ कोड मागतो, अलार्म बोंबलतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एखादा रिले (करंटने चालू-बंद होणारा स्विच) चिकटून बसला असेल तर तो सुटतो आणि फॉल्टच गायब होतो, मग तुम्ही मोजताय काय? शिवाय मीटर मधे असताना कुणी चुकून पंप चालू केला आणि करंट १० अँपिअरच्या वर गेला की मीटरचा फ्यूज गेला. क्लॅम्पला यातलं काहीच लागत नाही, वायरभोवती तोंड बंद करायचं आणि आकडा वाचायचा. गाडी जशी आहे तशीच राहते.

वापरायची पद्धत नीट सांगते कारण इथेच लोक कंटाळून मीटरला नावं ठेवतात. डीसी क्लॅम्प आत चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यामुळे पृथ्वीचं क्षेत्र, शेजारचं लोखंड, आधी मोठ्या करंटवर लावल्यावर राहिलेलं थोडं चुंबकत्व, सगळं त्यात येतं. टेबलावर शून्य करून वायरजवळ नेलात की काहीतरी ३०-४० मिलिअँपिअर आपोआप दिसतात आणि माणूस घाबरतो. तर क्लॅम्प ज्या वायरला लावायचाय तिच्या शेजारी, ज्या दिशेने लावायचाय त्याच दिशेने धरायचा, तोंड बंद ठेवून झिरो बटण दाबायचं, आकडा स्थिरावला की हात न फिरवता वायर आत घ्यायची. प्रत्येक नव्या वायरला परत झिरो. आणि एका वेळी एकच वायर आत, प्लस आणि मायनस दोन्ही एकत्र घेतलीत तर एकीचा करंट दुसरीला खोडतो आणि शून्य दिसतं. करंट फारच बारीक असेल आणि वायरीत ढील असेल तर ती क्लॅम्पच्या तोंडातून पाच वेळा गुंडाळा, आकडा पाचपट येतो, पाचने भागा, अगदी १०-१५ मिलिअँपिअरचा पण अंदाज येतो.

तर आमच्या मागच्या बॅटरीच्या मायनस वायरला लावला, गाडीतलं सगळं बंद, कंट्रोल पॅनल पण बंद, आणि आकडा आला ०.४२ अँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तास धरले की रोजचे १० अँपिअर-अवर होतात, बॅटरी १०० ची, लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेऊ नये म्हणतात, म्हणजे पाच दिवसांत हद्द संपली. आठवड्याभरात बॅटरी उतरते याचा हिशेब तिथेच लागला, ना बॅटरी खराब ना अल्टरनेटर.

मग क्लॅम्प तसाच मायनसला लटकवून ठेवला आणि फ्यूज बॉक्समधले फ्यूज एकेक करून काढले, आकडा पडतो का बघत. नाही पडला. सगळे फ्यूज बाहेर आणि आकडा ०.४ च्या आसपासच, म्हणजे करंट फ्यूज बॉक्सच्या आधीच कुठेतरी फुटतोय. बॅटरीच्या प्लसवर नटाखाली वायरींचा गठ्ठा होता, मेन, चार्जरची, सोलरची, आणि एक लाल वायर जिचा कुणालाच पत्ता नाही. एकेकीला झिरो करून क्लॅम्प लावला आणि त्या लाल वायरीवर पूर्ण ०.३९ सापडले. वायर सीटखालून कपाटाच्या मागे गेलेली. प्लायचा तुकडा स्क्रूने बसवलेला होता तो काढला तर आत एक छोटा ३०० वॉटचा इन्व्हर्टर, हिरवा दिवा लागलेला, हाताला कोमट, कधीपासून चालू होता देव जाणे. काहीही न जोडता नुसता चालू असला तरी इन्व्हर्टर एवढं खातोच.

पण मला धक्का बसला तो वेगळ्या गोष्टीचा. त्या लाल वायरीला बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत कुठेही फ्यूज नव्हता. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देऊ शकते, ती वायर कुठल्यातरी पत्र्याच्या कडेला घासून सोलली असती तर लालबुंद झाली असती, आणि ती जात होती प्लायवुड आणि कपड्यांच्या कपाटामागून, ज्याच्या वरच्या बंकवर आमची मुलं झोपतात. त्या दिवशी गाडीतली प्रत्येक वायर बॅटरीपासून तपासली. तुमची गाडी जुनी असेल तर बॅटरीच्या प्लसवरून निघणारी प्रत्येक वायर बॅटरीच्या जवळच फ्यूजमधून जाते का एवढं तरी आज बघाच, त्याला मीटर पण लागत नाही.

इन्व्हर्टर काढल्यावर उरले ०.०३ अँपिअर, गॅसचा अलार्म वगैरे, ते असायलाच हवं. आता बॅटरी यार्डात आरामात टिकते. टिकते हे व्होल्टेजवरून बघायचं तर काही तास गाडीला हात न लावता मोजा, १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ ला अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी समजा.

पुढच्या बॅटरीला हीच टेस्ट करताना एक लक्षात ठेवा, दार किंवा बॉनेट उघडलं की गाडीचे कॉम्प्युटर जागे होतात आणि एखाद-दोन अँपिअर सहज दिसतात, तो फॉल्ट नाही. क्लॅम्प लावून, बॉनेट उघडंच ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने खटकन बंद करायचं, गाडी लॉक करायची आणि अर्धा तास चहा प्यायला जायचं. आल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर छान.

दुसरं काम पाण्याच्या पंपाचं, आणि इथे या मीटरचा व्होल्टचा भागही कामाला आला. नळाला धार बारीक, पंप रडत रडत चालायचा, साइटवरचे शेजारी म्हणाले पंप गेला, नवीन घ्या. पंप बंद असताना मोजलं तर बॅटरीवर १२.५ आणि पंपाच्या वायरीवरही १२.५, सगळं झकास. हा आकडा फसवा आहे. करंट वाहत नसेल तेव्हा एका धाग्यावर लटकलेली वायर पण पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण मीटर स्वतः काहीच खेचत नाही. नळ उघडून पंप चालू ठेवला आणि मग मोजलं तर पंपावर १०.८. करंट क्लॅम्पवर ५.८ अँपिअर, म्हणजे पंप आपलं काम करतोय, त्याच्यापर्यंत व्होल्टेजच पोचत नाहीये. १.७ व्होल्ट वाटेत कुठेतरी मरतायत.

मग ते शोधायचं सोपं आहे, मीटर व्होल्टवर ठेवून दोन्ही पिना एकाच वायरीच्या दोन टोकांना लावायच्या, लोड चालू असताना. चांगल्या वायरीवर, चांगल्या जोडावर आकडा जवळजवळ शून्य येतो. मायनसच्या बाजूला ०.२ आले, ठीक आहे. प्लसच्या बाजूला तुकड्या-तुकड्याने पुढे सरकत गेले आणि फ्यूजच्या होल्डरवर, नुसत्या त्या दोन इंचांत, १.३ व्होल्ट. हात लावला तर चटका. प्लास्टिक तपकिरी झालेलं, फ्यूज ओढून काढला तर त्याचा एक पाय निळसर काळा आणि होल्डरमधली पितळी चिमटी ढिली पडून पसरलेली. ५.८ ला १.३ ने गुणा, साडेसात वॉटची उष्णता त्या एवढ्याशा डबीत. आणि ओहमवर मोजलं असतं तर सापडलं नसतं, तो रोध निघतो ०.२ ओहमच्या आसपास, तेवढा तर मीटरच्या पिनांचा स्वतःचा असतो. फ्यूज शाबूत होता, म्हणूनच तो कुणाच्या डोळ्यावर आला नाही. नवीन होल्डर टाकला, पंपावर १२.१, धार जोरात. पंप नवीन घेतला असता तर तोही असाच रडला असता.

या कामासाठी मीटरसोबत आणखी दोन वस्तू ठेवा, स्वस्तातल्या. एक लांब वायर, गाडीच्या पुढून मागे पोचेल एवढी, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप, कारण पुढच्या बॅटरीच्या मायनसपासून मागच्या दिव्यापर्यंत मीटरच्या पिना पोचत नाहीत. आणि एक २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट, दोन वायरी लावून. तो पावणेदोन अँपिअर खेचतो, त्यामुळे जिथे मीटर १२ व्होल्ट दाखवतो पण काही चालत नाही तिथे हा बल्ब लावा, मंद लागला किंवा लागलाच नाही तर वायर खराब. तर्क नको, वाद नको.

लांब वायरीचा फायदा मागच्या दिव्यांना झाला. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद लुकलुकायचा, इंडिकेटर लावला की टेललाइट नाचायची. असं एकात एक गुंतलेलं दिसलं की शंभरातल्या नव्वद वेळा अर्थिंग असतं, करंटला परतीची वाट बंद म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. बॅटरीच्या मायनसपासून दिव्याच्या मायनसपर्यंत दिवे चालू ठेवून मोजलं, ३ व्होल्टच्या जवळ आलं, तिथे खरं तर ०.१-०.२ च्या वर यायला नको. चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट सोडला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवीन थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी), वरून ग्रीस. एमओटीच्या, म्हणजे इथल्या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या आधी हे करून घ्या, दिव्यांवर गाडी नापास होते.

प्रवासात मागची बॅटरी चार्ज होत नसेल तर तीही तपासणी याने लगेच होते, इंजिन चालू करून पुढून मागे येणाऱ्या चार्जिंगच्या वायरीला क्लॅम्प लावा. पुढे १४.२ व्होल्ट दिसतात म्हणून अल्टरनेटर बरा, पण वायरीत करंट शून्य म्हणजे मधला रिले किंवा पुढच्या बॅटरीजवळचा फ्यूज. आमचा फ्यूज गंजला होता. तसंच फ्रिजची १२ व्होल्टची वायर इंजिन बंद केल्यावर तपासा, गॅस-लाइट-बॅटरी अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज १२ व्होल्टवर १० अँपिअरच्या आसपास खातो आणि तो फक्त गाडी चालताना चालू राहायला हवा, रिले चिकटला तर एका रात्रीत बॅटरी गार.

आता जे याने होत नाही ते. स्टार्टरचा करंट मोजता येत नाही, डिझेल इंजिनाचा स्टार्टर शेकडो अँपिअर घेतो आणि याची हद्द १००. तोंड फक्त १७ मिलिमीटर उघडतं, त्यामुळे बॅटरीची एक जाड केबल बसते पण बोल्टजवळ दाटीवाटीने आलेल्या वायरींमधून एक वेगळी काढायला बोटांची कसरत होते. काही वेळ बटण दाबलं नाही तर आपोआप बंद होतो, अर्ध्या तासाच्या टेस्टला हे गैरसोयीचं आहे, परत चालू केला की परत झिरो करावं लागतं आणि त्यासाठी क्लॅम्प वायरीवरून काढावा लागतो. मोठा करंट मोजल्यावर शून्य सरकतं, ते सगळ्याच डीसी क्लॅम्पचं होतं पण सांगून ठेवते. अचूकता लॅबची नाही, ०.४२ म्हणजे ०.४० किंवा ०.४४ असू शकेल, गळती शोधायला त्याने फरक पडत नाही.

२३० व्होल्टच्या बाजूबद्दल मात्र स्पष्ट बोलते. साइटवर प्लग लावला आणि आरसीडी (गळती झाली की लाइट तोडणारा सेफ्टी स्विच) पडतोय, ही हिवाळ्यानंतरची नेहमीची तक्रार. ३० मिलिअँपिअर जमिनीकडे गळले की तो पडतो, पडायलाच हवा, तो तुमचा जीव वाचवतोय. बऱ्याचदा पाणी तापवणाऱ्या टाकीच्या किंवा फ्रिजच्या एलिमेंटमध्ये ओल शिरलेली असते. तुम्ही एवढंच करा, सगळी उपकरणं स्विचने नाही तर प्लग काढून बंद करा, आरसीडी चढवा, एकेक लावत जा, कुठल्यावर पडतो ते कळेल. पुढचं काम ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरचं आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, या मीटरचं नाही. काही जण साइटवरून गाडीत लाइट आणणाऱ्या अख्ख्या हुक-अप केबलला क्लॅम्प लावून गळती बघायला जातात, त्यात काही दिसत नाही, जाणारा, येणारा आणि अर्थिंगचा सगळा करंट त्याच केबलीत असल्यामुळे बेरीज शून्यच येते. आणि वायर जवळ नेल्यावर बीप करणारी सोय यात आहे, पण बीप झाला नाही म्हणजे वायर मेलेली आहे असं समजून कधीही हात घालू नका. १२ व्होल्ट डीसीला तर तो बीप होतच नाही.

बॅटरीला कायमचा बसवायचा आणि मोबाइलवर आकडे दाखवणारा मॉनिटर यापेक्षा चांगला का, असं मला बऱ्याच मराठी मित्रमंडळींनी विचारलं, उन्हाळ्यात स्कॉटलंडला जायच्या आधी आमच्याकडे हे फोन येतातच. तो मॉनिटर चांगलाच आहे, पण तो सांगतो एकूण किती जातंय, कुठे जातंय ते नाही. घर म्हणून गाडी वापरत असाल तर दोन्ही घ्या, एकच घ्यायचं असेल आणि गाडी जुनी असेल तर क्लॅम्प आधी.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो आपोआप बंद होण्यासाठी. ट्रिपलए सेल दोन लागतात, हिवाळ्यात गाडीत ठेवत असाल तर सेल काढून ठेवा, आणि जुनी मोटरहोम बघायला जाताना हा खिशात न्याच, मालकाला विचारून बॅटरीच्या मायनसला लावा, सगळं बंद असताना ०.१ च्या वर दिसलं तर कशाचं आहे ते त्याला तिथेच विचारा, आणि सांगता येत नसेल तर किमतीत तेवढं कमी करून घ्या.